मुक्कामी गाडीचं गाव, दिवसाउजेडी

नोकरीत असताना मी जव्हार आगाराला कंडक्टर होतो. आमची एक मुक्कामी गाडी मोखाड्यावरून पोशेऱ्याच्या अंगाला एका पाड्यापर्यंत जायची. दिवेलागण होऊन गेल्यावर पोचायची, शाळेजवळच्या मोहाखाली रात्रभर उभी राहायची आणि उजाडायच्या आत परत निघायची. बाकीच्या कंडक्टरांना ती ड्यूटी नको असायची. लॉज नाही, हॉटेल नाही, पंखा नाही. मला मात्र ती चालायची, आणि मला चालते म्हटल्यावर ती कित्येक वर्षं माझ्याच वाट्याला येत राहिली.

त्या पाड्यातली माणसं मी आवाजावरून ओळखायचो. कुठल्या घरातून कोण खोकतं, कुणाचा कुत्रा कुणावर भुंकतो, सगळं ठाऊक होतं. पण पाडा दिसतो कसा, ते मला माहीत नव्हतं. डोंगर आहेत हे गाडीच्या वळणांवरून कळायचं. शेत आहे हे वासावरून. उन्हाळ्यात निघताना थोडं फटफटलेलं असायचं, तेवढीच काय ती ओळख.

पहिल्याच मुक्कामाला एक माणूस बॅटरी घेऊन गाडीपाशी आला आणि म्हणाला, "मास्तर, जेवलास का?" आमच्या भागात अनोळखी माणसाला कुणी असं अरेतुरे केलं तर भांडण होईल. इथं ती बोलायची रीतच आहे, आणि त्यात जेवढी आपुलकी असते तेवढी आमच्या 'अहोजाहो'त नसते, हे पुढं कळलं. तो देवराम. त्यानं मला घरी नेलं, त्याच्या बायकोनं, जनीनं, चुलीपुढं पाट टाकला आणि गरम नाचणीची भाकरी वाढली. त्यानंतर मी डबा न्यायचं सोडून दिलं. येताना मोखाड्याच्या बाजारातून कांदे-बटाटे, मीठ-मिरची घेऊन यायचो आणि जनीच्या चुलीपुढं जेवून गाडीत झोपायचो.

निवृत्त होऊन मी करमाळ्याजवळच्या आमच्या गावी परत आलो. माझी बायको शकुंतला, शकू, इतकी वर्षं इथंच होती. दोन मुलं तिनं वाढवली, ज्वारीचं रान तिनं सांभाळलं, म्हैस तिनं राखली. मी सुट्टीला यायचो आणि पाड्याच्या गोष्टी सांगायचो. ती ऐकून घ्यायची आणि शेवटी एकच विचारायची, "एवढं हाय तरी काय वं तिथं?"

मागच्या दिवाळीच्या आसपास देवरामचा फोन आला. भात कापायला आलंय, वैनीला घेऊन ये, म्हणाला. मी नेहमीसारखं 'बघू' म्हणणार होतो. शकू शेजारी लसूण सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "चला की. एकदा बघूनच येऊ."

म्हैस शेजारच्या पार्वतीकाकूंच्या हवाली केली, दोन-तीन दिवसांत परततो असं सांगितलं, आणि निघालो.

जव्हार

नाशिक, त्र्यंबक, मग घाट. हा प्रवास सांगण्यासारखा नाही. जव्हारला पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. सकाळी शकूला आगार दाखवायला नेलं. मला ओळखणारं तिथं कुणी उरलं नव्हतं. कॅन्टीनवाला तेवढा म्हणाला, "मास्तर, वजन वाढलं तुमचं." शकूला ते फार आवडलं.

मग तिला शिरपामाळावर नेलं. सुरतेकडं जाताना शिवाजी महाराज इथं थांबले होते असं सांगतात. फोटो काढणारी मंडळी होतीच. शकू त्या सगळ्यांकडं पाठ करून दरीच्या बाजूला बसली. खाली उतारावर एकाखाली एक पिवळी खाचरं दिसत होती, मध्ये हिरवे बांध, आणि त्यापलीकडं निळे डोंगर एकामागं एक.

"हे समदं भातच का?"

"भात. वरच्या उतारावर नाचणी, वरई."

बराच वेळ ती बघत राहिली. आमच्याकडं रान म्हणजे सपाट. उभं राहिलं की शेवटच्या बांधापर्यंत दिसतं आणि पाऊस आला तर आला. पाण्यासाठी टँकरची वाट बघण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं आहे. ती म्हणाली, "एवढ्या चढउतारावर औत कसं धरत असतील?" मग उठली. "चला. त्यांनाच विचारू."

पाडा

मोखाड्यापर्यंत एसटी आणि तिथून जीप. जीपमध्ये माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी होती. दुपारी जीप मोहाच्या झाडाखाली थांबली आणि मी उतरून तिथंच उभा राहिलो.

हेच ते झाड. इथंच गाडी लागायची. पण बाकी सगळं वेगळं होतं. देवरामच्या घरापर्यंतची चढण मला नेहमी लांबच लांब वाटायची. ती दोन खाचरांमधली साधी पाऊलवाट निघाली. ज्याला मी दरी समजून जपून पाय टाकायचो तिथं भात उभं होतं. आणि ज्या कडेला उभा राहून मी इतकी वर्षं पहाटे बिनधास्त चूळ भरत होतो, तिथून पुढं खरी दरी होती. खाली पार ओढ्यापर्यंत. मी दोन पावलं मागं सरलो. शकूला दाखवलं तर ती हसत सुटली. घरातून निघाल्यापासून पहिल्यांदा.

जनी खळ्यावर शेण सारवत होती. भात झोडायला अंगणातली ती जागा दर वर्षी नव्यानं सारवतात. हात तसेच शेणाचे, ती धावत आली.

"आलास का मास्तर! दिसाउजेडी पैल्यांदा आलास!" मग तिनं शकूकडं पाहिलं. "आनि ही शकूवैनी. शेंगांची चटणी करते ती. थोरला गनितात हुशार, धाकटीला लापशी आवडं. विहीर आटली तवा तू रातीची उठून पानी भरं. तुझे गुडघं बरं हायत का आता?"

शकू माझ्याकडं बघायला लागली. चुलीपुढं बसलं की माणूस बोलतो. शकूला या घराबद्दल जेवढं ठाऊक होतं, त्याच्या कैकपटीनं या घराला तिच्याबद्दल ठाऊक होतं. तिनं पिशवी उघडली आणि शेंगांच्या चटणीची बरणी जनीच्या शेणाच्या हातावर ठेवली.

घर कुडाचं, वर कौलं. कौलांवर काकडीचा वेल चढलेला आणि त्याला हातभर लांब काकड्या लटकलेल्या. देवरामनं शिडी न लावताच दगडावर पाय देऊन एक काढली, पाण्यात बुडवली आणि विळ्यानं चिरून आमच्या हातात फाका ठेवल्या. करमाळ्याला काकडी आपण कोशिंबिरीला घेतो, मीठ लावून. ही तशीच खायची. उन्हातून आलेल्या माणसाला दुसरं काही लागत नाही.

मग चहा आला, कोरा, गवती चहाची पात घातलेला. गोठ्यात दोन गाई दिसत होत्या, एकीला वासरू होतं. म्हैसवाल्या बाईला हे कसं सहन व्हावं? शकूनं विचारलंच, "दादा, गाय दूध देत न्हाई व्हय?"

"देते की," देवराम म्हणाला. "पन ते वासराचं हाय."

शकूनं कपाकडं पाहिलं, गोठ्याकडं पाहिलं, आणि कोरा चहा पिऊन टाकला. नंतर मला हळूच म्हणाली, "वासरू बघा कसं गुटगुटीत हाय. आपलं रेडकू बघा." पुढं तिनं दुधाचा विषय काढला नाही.

संध्याकाळी दोघी चुलीपुढं बसल्या. शकू ज्वारीचं पीठ घेऊन आली होती. जनी नाचणीची भाकरी दोन्ही तळव्यांत पाणी लावून फिरवत मोठी करते. शकू परातीत थापते, चांगला आवाज करत. जनीनं ज्वारीच्या पिठाचा गोळा तळव्यात फिरवायला घेतला तर त्याला भेगा पडल्या आणि अर्धा गोळा निखाऱ्यात पडला. शकूनं नाचणीचं थापायला घेतलं तर ते परातीला चिकटून बसलं. दोघी एकमेकींना शिकवत होत्या, दोघींनाही येत नव्हतं, आणि देवराम नि मी भुकेले वाट बघत होतो. शेवटी ज्या भाकऱ्या झाल्या त्यांना कुठलाच आकार नव्हता. उडदाचं घट्ट वरण, भाजलेले सुके बोंबील आणि शेंगांची चटणी. देवरामनं चटणी तोंडात टाकली आणि म्हणाला, "मास्तर, एवढी वर्सं नुसतं सांगत होतास. एक डाव आनायची ना!"

सकाळ

त्या घरची सकाळ मला इतकी वर्षं ठाऊकच नव्हती, कारण ती व्हायच्या आत मी गाडी घेऊन निघालेलो असायचो.

ऊन तिथं उशिरा येतं. समोरच्या डोंगराआडून सूर्य वर यायला वेळ लागतो, तोवर सगळा पाडा निळसर उजेडात असतो आणि घराघरांच्या कौलांतून धूर झिरपत असतो. जनी टोपलीखालच्या कोंबड्या सोडते. त्या आधी पंख झटकतात, मग पिल्लं मोजल्यासारख्या इकडंतिकडं बघतात, मग चालू पडतात. अंगणाच्या कडेला तीन दगडांवर पाण्याचा हंडा तापत असतो. तिथंच उघड्यावर, दरीकडं तोंड करून मी अंघोळ केली. पाण्याला धुराचा वास होता. दूर उतारावर कुणीतरी गुरं सोडत होतं, त्यांच्या गळ्यातली लाकडी घंटा ठक ठक वाजत होती. आयुष्यभर मी घंटी मारत आलो, पण अशी सावकाश कधी ऐकली नव्हती.

मग ऊन एकदम अंगणात आलं. देवराम ओट्याच्या टोकाला जाऊन उन्हात बसला. मला वाटलं, काहीतरी काम असेल. काम काही नव्हतं. तो उन्हात बसला होता. मी शेजारी बसलो. जनीनं उकडलेले करांदे आणून दिले. हे वेलीला येणारे कंद, जरा कडसर, मीठ लावून खायचे. दुसऱ्या घासाला कडू लागत नाहीत.

"भिवंडीला मी गोदामात होतो," देवराम म्हणाला. "शेठ म्हनायचा, जल्दी करो, जल्दी करो. मी करायचो. पन हे ऊन नव्हतं तठं. पत्र्याखाली कवा उजाडलं तेच समजं नाय." मग हसला. "आता कोन बोलावत आला तर सांगतो, आधी ऊन खाऊ दे."

नंतर खेकडे धरायला ओढ्यावर नेलं त्यानं. दगड उचलायचा, पाणी गढूळ होतं, ते निवळेपर्यंत थांबायचं आणि मागून बोट टाकून धरायचा. त्यानं पाहता पाहता चार-पाच धरले. मी एक धरला, म्हणजे त्यानं मला धरलं. बोट झटकताना पाय घसरला आणि मी कपड्यानिशी ओढ्यात बसलो. वरच्या बांधावरून जनी आणि शकू बघत होत्या. शकू ओरडली, "लागलं का?" आणि मी 'नाही' म्हणताच दोघी जणी पदर तोंडाला लावून खाली बसल्या. दुपारचा खेकड्यांचा रस्सा फार चांगला झाला. माझ्या बोटाला धरणारा कुठला होता ते शोधून देवरामनं तोच मला वाढला.

कापणी

दुपारनंतर कापणीला लागलो. शकू पाहुणी म्हणून बांधावर बसली होती. थोड्या वेळानं उठून तिनं जनीच्या हातून विळा घेतला.

ज्वारी काढणारी बाई ती. आमच्याकडं ज्वारी मुळासकट उपटतात किंवा उभ्यानं कापतात. हे वाकून, मुठीमुठीनं, जमिनीलगत कापायचं. पहिल्या चार मुठी तिच्या वाकड्या गेल्या. मग तिला लय सापडली. जनी एका अंगानं, शकू दुसऱ्या. कापलेलं भात तिथंच पसरून ठेवायचं, एक-दोन उन्हं लागली की पेंढ्या बांधून खळ्यावर आणायचं. मी आणि देवराम मागून मुठी नीट पसरत होतो. वरच्या उतारावर नाचणीची कणसं तांबूस झाली होती. वारा आला की पिकल्या भाताचा वास यायचा. हाच वास मी इतकी वर्षं अंधारात घेत होतो.

शेजारच्या खाचरात एक म्हातारी एकटी कापत होती. ढवळीआजी. नवरा गेलेला, मुलगी लांब दिलेली. ती एक मूठ कापायची, उभी राहायची, आमच्याकडं बघून काहीतरी बोलायची आणि परत वाकायची. जनी इथूनच तिला उत्तर द्यायची. काय बोलत होत्या ते मला अर्धंच कळत होतं, ती त्यांची घरातली भाषा. शकूला तर काहीच कळत नसणार. पण थोड्या वेळानं बघतो तर ढवळीआजी हसली की शकूही हसत होती.

"तुला काय कळलं?" मी विचारलं.

"तुमच्या ओढ्यात पडण्याचं चाललंय," ती म्हणाली. "त्याला भाषा कशाला लागती?"

मग दुसरा दिवस उजाडला. त्या दिवशीही सकाळी कडक ऊन होतं. देवराम ताडपत्री आणायला मोखाड्याला गेला. जुनी फाटली होती, आणि झोडलेलं भात ठेवायला नवी लागणार होती. सगळं भात कापून शेतात पसरलेलं होतं. संध्याकाळी तो आला की पेंढ्या बांधायच्या, असं ठरलं होतं.

दुपारी जेवून मी ओट्यावर आडवा झालो होतो. जनीची हाक ऐकू आली. हाक नव्हती ती, ओरडच. उठून पाहिलं तर मागच्या डोंगरावर काळंभोर आभाळ चढून आलं होतं. वारा पडला होता. कोंबड्या आपणहून अंगणात आल्या होत्या.

पसरलेलं भात भिजलं तर काय होतं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. दाणा काळा पडतो, मोड येतात, शेतातच झडून जातो. त्या घरात वर्षभर जे शिजतं ते तेवढंच. विकायला काही नसतं. पोटाला असतं.

आम्ही धावलो. जनी आणि शकू पेंढ्या बांधत होत्या, मी डोक्यावर भारा घेऊन घरात टाकत होतो. भाराच म्हणायचा तो. जनी एका वेळी जेवढा आणायची त्याच्या निम्मा. बांधावरून घसरायला होत होतं. घरातली पुढची खोली भरली, मग ओटा भरला. खळ्यावर नेऊन उपयोग नव्हता, वर आच्छादन नव्हतं. साधारण अर्धं शेत उचलून झालं असेल. लांबून गडगडलं.

जनी सरळ उभी राहिली. तिनं आपल्या उरलेल्या शेताकडं पाहिलं. मग शेजारच्या खाचराकडं. ढवळीआजी तिथं एकटीच वाकून मुठी गोळा करत होती. तिच्यानं भारा उचलत नव्हता म्हणून कवळ्याकवळ्यानं छातीशी धरून नेत होती, आणि निम्मं वाटेत सांडत होतं.

जनीनं दोरी खांद्यावर टाकली आणि बांध ओलांडून पलीकडं गेली.

मी ओरडलो, "अगं, आपलं राहिलंय अजून!"

तिनं मागं न बघता सांगितलं, "तिचं कोन उचलंल?"

मी बांधावरच उभा राहिलो. खरं सांगतो, मला ते पटत नव्हतं. अर्धं शेत उघड्यावर, आभाळ डोक्यावर. आधी आपलं उचलावं, मग जमेल तसं दुसऱ्याचं, असंच कुणीही म्हणेल. मी शकूकडं वळलो, ती तरी माझ्या बाजूनं बोलेल म्हणून. शकू तिथं नव्हती. तीही बांध ओलांडून गेली होती. गुडघ्यांची कटकट करणारी माझी बायको म्हातारीच्या शेतात खाली बसून पेंढ्या बांधत होती.

मग मीही गेलो. ढवळीआजीचं शेत लहान. चौघांनी मिळून ते उचललं, तिच्या झोपडीत नेऊन टाकलं. शेवटचा भारा मी दारातून आत ढकलला आणि पाऊस आला. नुसता आला नाही, कोसळला. आम्ही चौघं त्या एवढ्याशा झोपडीत, भाताच्या पेंढ्यांवर बसून राहिलो. बाहेर बांधापलीकडं जनीचं राहिलेलं भात भिजत होतं. दारातून स्पष्ट दिसत होतं. जनी ते बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते तिनं पुसलंही नाही. शकूनं तिचा हात आपल्या हातात घेतला. ढवळीआजी चूल पेटवायला लागली. सरपण ओलं होतं, धूर फार झाला, पण चहा झाला.

पाऊस थांबता थांबता देवराम आला. डोक्यावर नवी ताडपत्री घेऊन, चिंब भिजून. शेत त्याला वाटेतच दिसलं असणार. दारात उभं राहून त्यानं पहिलं विचारलं, "ढवळीचं निघालं का?"

"निघालं," जनी म्हणाली.

"बरं झालं," तो म्हणाला, आणि आत येऊन चहाला हात पुढं केला.

पावसानंतर

त्या दिवशी घरात माणसांना जागा नव्हती. खोलीत भात, ओट्यावर भात, आमच्या अंथरुणाच्या जागी भात. आम्ही चुलीभोवती दाटीवाटीनं निजलो.

सकाळी ऊन पडलं. न बोलावता पाड्यातली माणसं आली. कुणी भिजलेल्या मुठी उचलून कातळावर पसरत होतं, कुणी बांधावर, कुणी थेट डांबरी रस्त्यावर. जीपवाला थांबला, उतरला, चार मुठी पसरल्या आणि गाडी कडेनं काढून गेला. दिवसभर बायका त्या मुठी उलटसुलट करत होत्या. सगळं वाचलं असं नाही. पाणी साचलं होतं त्या खालच्या कोपऱ्यातलं गेलंच. ते कोंबड्यांना आणि गुरांना. पण बरंचसं वाळलं. संध्याकाळी देवरामनं एक कणीस चोळून दाणा दाताखाली धरला. कट्ट आवाज आला. त्यानं मान हलवली. जनीनं सुस्कारा सोडला आणि लगेच कुणाला तरी ओरडली, कोंबडी हाकल म्हणून.

ढवळीआजीनं त्या दिवशी काकडी किसून, तांदळाच्या पिठात गूळ घालून, हळदीच्या पानांत उकडलेल्या वड्या करून आणल्या. सगळ्यांना पुरल्या. पानाचा वास लागलेली ती गोड वडी मी रस्त्यावर, वाळत्या भाताच्या कडेला उभा राहून खाल्ली. पंगतीतलं कुठलंच पक्वान्न मला इतकं गोड लागलेलं नाही.

आम्हाला निघायला हवं होतं. दोन-तीन दिवस म्हणून म्हैस सोपवलेली, ते कधीच उलटून गेले होते. पार्वतीकाकूंचा फोन येऊन गेला होता. म्हैस दूध चोरायला लागलीय, म्हणाल्या. मी पिशवी भरली.

जनी शकूला म्हणाली, "नवं भात खाल्ल्याबिगर चाललीस? झोडायचं, कांडायचं, कणसरीला दाखवायचं, मग खायाचं. थोडंच राह्यलंय." कणसरी ही त्यांची धान्याची देवी. तिला दाखवल्याशिवाय नवा दाणा कुणी तोंडात घालत नाही.

सकाळी आम्ही मोहाखाली आलो. माझी जुनी मुक्कामी गाडी तिथंच उभी होती. गाडी म्हणजे तीच नव्हे, पण फेरी तीच. आता निघते उजाडल्यावर. कंडक्टर तरुण होता. मी जुना स्टाफ म्हटल्यावर त्यानं पुढची सीट दिली. मी दोन तिकिटं सांगितली.

"एकच द्या," शकू म्हणाली. ती खालीच उभी होती.

मला कळेना.

"म्हशीची धार काढायला तुम्ही पुरेसे हाय," ती म्हणाली. "वैरण माळवदावर हाय. पेंड भिजत घालायला इसरू नका. ह्यांचं झोडायचं हाय, हात कमी पडत्यात. मी मागनं येते."

"एकटी येशील?"

"तुम्ही एवढी वर्षं एकटं येतजात हुता न्हवं?"

कंडक्टरनं माझ्याकडं पाहिलं. मी एक बोट दाखवलं. त्यानं घंटी मारली. मी खिडकीतून हात बाहेर काढला, पण शकू तोवर वळली होती. जनी बांधावर उभी होती, आणि ढवळीआजी. तिघी काहीतरी बोलत खाचराकडं चालल्या होत्या.

घरी आल्यावर म्हशीनं पहिल्या दिवशी मला लाथ मारली आणि दुसऱ्या दिवशी बादली सांडली. मग जमलं. पाड्यात फोनला रेंज नसते, वरच्या कातळावर गेलं तरच लागतो, म्हणून शकूच कधीतरी करायची. आठवडा होत आला तेव्हा तिचा फोन आला. मागून भात झोडण्याचा धप्प धप्प आवाज येत होता आणि बायका हसत होत्या.

"खाल्लं का नवं भात?" मी विचारलं.

"अजून न्हाई. आमचं झालं झोडून, आजीचं चाललंय. तिचं झालं म्हंजे समद्यांचं एकदमच शिजवायचं ठरलंय." मग म्हणाली, "अवं, सकाळी हितं ऊन कसं येतं, बघितलंय का तुम्ही?"

मी 'हो' म्हणणार, तेवढ्यात तिकडून कुणीतरी हाक मारली.

"आले, आले," ती त्यांना म्हणाली आणि फोन बंद झाला.